सत्तरातला एक आला नाही

अख्ख्या डोंबिवलीत माझ्याइतकी गणितं कुणाच्या कानावरून गेली नसतील, लावा पैज. कानावरून म्हणतोय हां. सोडवलेलं त्यातलं एकही नाही.

मानपाडा रोडच्या आतल्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर आमचं घर. आमची ही तिथे गणिताची ट्यूशन घेते. शाळेतून रिटायर झाली आणि येताना शाळाच घरी घेऊन आली. मुलं तिला बाई म्हणतात, म्हणून मीही बाई म्हणतो आणि अहो-जाहो करतो. त्या मला अहो म्हणतात, मी त्यांना अहो म्हणतो. घरात 'अगं' ऐकायला कुणी उरलेलंच नाही.

मी रंगाच्या कंपनीत पॅकिंगला होतो. शाळेचं आणि माझं आठवीतच फाटलं, त्यामुळे हॉलमध्ये मला जागा नाही. हॉलमध्ये बाई, फळा आणि चटईवर मुलं. मग एक पडदा. पडद्याच्या त्या बाजूला भूमिती, या बाजूला गॅलरी, तुळस, झोपाळा आणि झोपाळ्यावर मी.

दुपारी चारनंतर ऊन तुळशीवरून माझ्या पायावर येतं. शेजारचा मिक्सर थांबतो. मी अर्धा झोपेत, आणि आतून वाक्यं येत राहतात. "दोन समांतर रेषा एकमेकींना कधीच भेटत नाहीत." मला वाईट वाटतं. मी डोळे न उघडता विचारतो, "अहो बाई, पण का?"

आतून उत्तर येतं, "तुम्ही झोपा."

असे किस्से दारातल्या चपलांसारखे जमतात. चारला एक जोड असतो, पाचपर्यंत ढीग. कुठली कुणाची कळत नाही. मला जेवढ्या जोडीने सापडल्या तेवढ्या इथे मांडतो.

* * *

साक्षी आली ती दिवाळीनंतर, नववीचं निम्मं वर्ष उलटून गेल्यावर. सोबत तिचे पप्पा. ते कंपनीची बस चालवतात, शीळफाट्यावरून माणसं उचलून इकडे एमआयडीसीत सोडतात. दारातच उभे राहून बोलायला लागले, जणू खाली इंजिन चालू ठेवून आलेत.

"मॅडम, डोकं आहे हो हिला. लक्ष नाही."

मी गॅलरीतून म्हटलं, "सगळ्यांचे पप्पा हेच सांगतात. लक्ष भरपूर आहे पण डोकं नाही, असं सांगणारा एक तरी बाप मला बघायचाय."

बाईंनी पडदा ओढून घेतला. पडदा ओढला की मी संपलो, असं त्यांना वाटतं.

पुढचं मात्र हसण्यासारखं नव्हतं. साक्षी सहामाहीत गणितात गेलेली. त्याआधीच्या चाचणीतही तेच. पप्पा म्हणाले, "वार्षिकला परत गेली तर मी हिला गावाला ठेवणार, मामाकडे. माणगावच्या पुढे. शाळा घरासमोर आहे, मामी दिवसभर घरात. इथे आम्ही दोघं ड्युटीवर, हिच्याकडे बघणार कोण? मी बोललोय तिला तसं. मामाला पण बोललोय."

बाईंनी साक्षीला विचारलं, "तुला जायचंय का?"

साक्षीने पप्पांकडे बघितलं, मग पंख्याकडे बघितलं. म्हणाली, "आई इथेच राहणार ना."

एवढंच. जायचंय की नाही, ते तिने सांगितलंच नाही. पण मला त्याच आठवड्यात कळलं.

तिची आई औषधांच्या कंपनीत पॅकिंगला. म्हणजे आमच्याच जातकुळीची, मी डबे भरायचो, ती गोळ्या भरते. शिफ्ट सुटली की ती आमच्या बिल्डिंगखाली येऊन उभी राहायची, वर यायची नाही. साक्षी खाली गेली की दोघी शेंगदाण्याची एक पुडी घ्यायच्या आणि कोपऱ्यापर्यंत इतक्या हळू चालायच्या की मागून येणारे रिक्षावाले हॉर्न मारून थकायचे. बोलायची साक्षीच. आई नुसती शेंगदाणे सोलून तिच्या हातावर ठेवायची. दिवसातून आई तिला मिळायची ती तेवढ्या रस्त्यापुरतीच.

मामाकडे गेली असती तर तो रस्ता गेला असता.

* * *

बाईंचं निम्मं गणित एकाच शब्दाने सुरू होतं. समजा.

या शब्दात काय आहे हे मला शाळेत असताना कुणी सांगितलं नाही, नाहीतर मी नापास होऊनसुद्धा तिथेच बसून राहिलो असतो. समजा म्हटलं की कुठलंसं दार उघडतं. तुम्ही खुशाल जा. कुणी ओरडणार नाही, कारण बाईंनीच पाठवलंय.

एका संध्याकाळी बाई म्हणाल्या, "समजा, एका आयताकृती बागेची लांबी तिच्या रुंदीच्या दुप्पट आहे." मी झोपाळ्यावरून सरळ बागेत. वारा बरा होता. परत आलो तेव्हा आत बाई विचारत होत्या,

"साक्षी, बाकीच्यांची परिमिती काढून झाली. तू काय करतेयस?"

"झाडं लावतेय, बाई."

"कुठे?"

"बागेत. तुम्ही नुसती लांबी-रुंदी दिलीत. आत काहीच नव्हतं."

पोरं हसली. मी पडद्याआडून विचारलं, "काय लावलंस गं?"

"सोनचाफा. तुम्ही पण आहात तिथे, आजोबा. बाकावर झोपलायत."

मला वाटलं, आता बाई आम्हा दोघांनाही बागेतून हाकलणार. त्यांनी खडू तसाच हातात धरला होता. म्हणाल्या, "बरं. मध्ये नको लावू. कुंपणाला लागून लाव, सगळ्या बाजूंनी. मग मला सांग, कुंपण केवढं आहे."

"त्यासाठी कडेकडेने चालावं लागेल."

"चाल मग."

साक्षी डोळे मिटून चालली. चारही बाजू चालून आली, आणि डोळे उघडून परिमिती सांगितली. बरोबर होती.

मुलं गेल्यावर मी म्हटलं, "बाई, तुम्ही तिला जागं नाही केलंत."

"ती जाते तिथे फळा नेला. जागं कशाला करायचं?"

"मी एवढी वर्षं जातो. माझ्यामागे नाही आणलात कधी फळा."

"तुमच्यामागे आणून ठेवायचा कुठे? तुम्ही एका जागी थांबता का?"

* * *

चपलांचंही सांगूनच टाकतो. थंडीच्या दिवसांत एकदा मला झोप येईना. मी दाराबाहेर गेलो आणि सगळ्या चपलांच्या जोड्या फोडल्या. डावी एकाची, उजवी दुसऱ्याची, अशी नवीन लग्नं लावून दिली आणि येऊन झोपाळ्यावर डोळे मिटून पडलो.

क्लास सुटला. बाहेर गोंधळ. ओम नावाचा एक हुशार दिवा आहे, साक्षीच्याच वर्गातला. त्याला सगळं येतं, आणि ते त्यालाही माहीत आहे. तो लगेच मोठ्या माणसासारखा म्हणाला, "थांबा, आधी सगळ्या लेफ्ट बाजूला काढा." मग त्याने सगळ्यांना रांगेत उभं केलं. माझी सगळी मजा त्याने व्यवस्थित करून टाकली.

साक्षी मात्र त्या गर्दीत कधी निघून गेली कुणाला कळलं नाही. खाली आई उभी होती ना.

थोड्या वेळाने मी दुधाला निघालो. पाय चपलेत घातले. उजवी माझी. डावी गुलाबी, वर फुलपाखरू.

डेअरीपर्यंत तसाच गेलो, दुसरा जोड होता कुठे? डेअरीवाला पायाकडे बघून काही बोलला नाही, हेच जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी साक्षी आली ती डाव्या पायात माझी चप्पल फटाक फटाक वाजवत.

"एवढी मोठी होती, तुला रस्ताभर कळलं नाही?"

"कळलं ना. मला वाटलं, एक पाय झोपलाय."

* * *

पाण्याच्या टाकीचं गणित आमच्याकडे जपून घालावं लागतं. बाईंनी पुस्तकातलं वाचलं, "एक नळ टाकी तीन तासांत भरतो, दुसरा सहा तासांत. दोन्ही नळ एकदम सोडले तर टाकी किती वेळात भरेल?"

साक्षी म्हणाली, "बाई, आमच्याकडे पाणी तासभरच येतं. टाकी भरणारच नाही."

मागून कुणीतरी म्हणालं, "आमच्याकडे तर आज आलंच नाही." मग सगळ्या चटईवर कुणाकडे कधी पाणी येतं त्याची सभा भरली. मला वाटलं, गणित गेलं वाहून.

बाई म्हणाल्या, "ठीक आहे. पाणी तासभरच येतं. दोन्ही नळ चालू ठेवले, तासाने गेलं. टाकीचा केवढा भाग भरला?"

ओम लिहून काढत होता. साक्षी छताकडे बघत म्हणाली, "पहिल्याने तीनातला एक भाग भरला. दुसऱ्याने सहातला एक. म्हणजे अर्धी झाली." मग थांबून म्हणाली, "अर्धी म्हणजे आमचं भागतं, बाई."

मी गॅलरीत टाळी वाजवली. बाई म्हणाल्या, "डास आहेत का तिकडे?"

असं तोंडी विचारलं की पोरगी बरोबर सांगायची. कागदावर लिहिलं की चुकायची. बाई रोज हैराण. रात्रीचं जेवण वाढताना मलाच विचारायच्या, "असं कसं हो?" आता मी काय सांगणार. मी म्हणायचो, "भाजी चांगली झालीय."

* * *

बाईंची दाढ दुखायला लागली, संक्रांतीच्या सुमाराला. मला म्हणाल्या, "दाताच्या डॉक्टरकडे जाऊन येते. तोवर मुलांकडून पाढे म्हणून घ्या. दुसरं काही करू नका."

"पाढेच घेतो," मी म्हटलं. दाराचं लॅच लागल्याबरोबर कपाटावरची हाऊजीची पिशवी खाली काढली. सोसायटीच्या गणपतीतली तिकिटं उरलेली होती. बक्षीस म्हणून तिळाच्या लाडवांचा डबा मध्ये ठेवला.

मी आकडा काढला आणि गुरुजींच्या आवाजात म्हटलं, "पंचेचाळीस."

ओम म्हणाला, "आजोबा, इंग्लिशमध्ये बोला ना. हाऊजी इंग्लिशमध्ये असते."

"पिशवी माझी, लाडू माझे, आकडेही माझेच. बारा."

खेळ रंगला. मी मुद्दाम लांबवून, गाऊन आकडे काढत होतो. ए-को-ण-तीस. ए-को-ण-पन्नास. मिनिटभर तर मलाच गुंगी आली. मग एकोणसत्तर काढला, आणि साक्षी ताडकन उभी राहिली.

"लाइन. वरची लाइन झाली."

ती मुलगी गणिताच्या तासाला उभी राहायची ती चुकल्यावर. जिंकून उभी राहिलेली मी तिला पहिल्यांदाच बघितली. लाडवांच्या डब्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. नुसती उभी होती, तिकीट दोन्ही हातांत धरून.

मी तिकीट घेतलं. वरच्या ओळीत बारा होता, पंचेचाळीस होता. आणि बाकीच्या तीन आकड्यांवर तिने काट मारलेली, ३९, ५९, ७९. त्यातला एकही मी काढला नव्हता.

"बोगी," मी म्हटलं.

हाऊजीत खोटी लाइन मागितली की बोगी म्हणतात, आणि सगळ्यांनी ओरडायचं असतं. पोरं ओरडली. साक्षीचा चेहरा उतरला. "पण तुम्ही काढलात, आजोबा. मी ऐकलंय."

ओम म्हणाला, "ट्वेंटी-नाइन काढलाय त्यांनी. एकोणतीस म्हणजे ट्वेंटी-नाइन. तू थर्टी-नाइन काटलास."

"गप्प बसा रे सगळे."

बाई दारात उभ्या. अर्धा गाल बधिर, तोंडात कापूस. मी डब्यावर पेपर टाकला, पण त्यांचं लक्ष लाडवांकडे नव्हतंच. त्यांनी माझ्या हातातून तिकीट घेतलं, बराच वेळ बघितलं. मला वाटलं आता माझी पूजा. त्या साक्षीला म्हणाल्या, "फळ्याकडे ये."

सँडलसुद्धा काढले नव्हते त्यांनी.

"सात सत्ते?"

"एकोणपन्नास." एका श्वासात.

"लिही."

साक्षीने लिहिलं, ५९.

"तेरा त्रिक?"

"एकोणचाळीस."

"लिही."

४९.

"आता फॉर्टी-नाइन लिही."

तिने पुन्हा ४९ लिहिलं, आणि आपल्याच दोन आकड्यांकडे बघत राहिली. एकाच फळ्यावर एकच आकडा, एकदा एकोणचाळीस म्हणून आणि एकदा फॉर्टी-नाइन म्हणून.

बाई खाली चटईवरच बसल्या. कापसातून म्हणाल्या, "हिला पाढे येतात हो. सगळे येतात."

झालं होतं असं. पाढे तिला आईने शिकवलेले, लहानपणी, मराठीत. शाळा सेमी इंग्लिश, तिथे आकडे इंग्रजीत. डोक्यात मोजायची आईच्या भाषेत, कागदावर उतरवायची शाळेच्या. उतरवताना एकोणपन्नासमधला पन्नास तिला आधी ऐकू यायचा, मग एकोणचा नऊ व्हायचा. पन्नास आणि नऊ. झाले ५९. रीत बरोबर, पायऱ्या बरोबर, मध्येच कुठेतरी नऊ आला की पुढचं सगळं घसरलं. एवढ्या मोठ्या वर्गात फुली मारणाऱ्याला कसं दिसणार हे? फुली शेवटच्या उत्तरावर असते. आतून कुठे पाय घसरला, ते बघायला शेजारी बसावं लागतं.

मी म्हटलं, "म्हणजे बाई, हा शोध माझा."

"शोध तुमचा," बाई म्हणाल्या, आणि लाडवांचा अख्खा डबा उचलून साक्षीला दिला.

* * *

दुसऱ्या दिवशी बाईंनी तिला लवकर बोलावलं, एकटीला.

"एकोण म्हणजे एक उणा. पंगतीला पन्नास माणसं यायची होती. पन्नास पानं मांडली. एक आला नाही. किती जण जेवायला बसले?"

"फॉर्टी-नाइन."

"तेच एकोणपन्नास. पन्नास बघायचे, आणि एक रिकामं पान बघायचं."

मी झोपाळा पायाने थांबवला. मग साक्षीने विचारलं, "बाई, कोण नाही आला?"

मी मनात म्हटलं, सापडल्या बाई. इतकी वर्षं शिकवतायत, हे कुणी विचारलं नसेल.

बाई म्हणाल्या, "ते मला काय माहीत? पंगत तुझी आहे. तूच ठरव, आणि एकदा ठरवलंस की बदलायचं नाही."

मग त्या रिकाम्या दुपारी पोरगीने एकेक पंगत मांडली, आणि मी पडद्याच्या अलीकडे सगळ्या पंगतींना हजर होतो. तिसातले पप्पा आले नाहीत, त्यांची बस शीळफाट्याला अडकली. चाळिसातली तिची मैत्रीण आली नाही, ती कळव्याला राहायला गेलेली. पन्नासातली आई आली नाही, ओव्हरटाइम लागला. साठातला मामा, त्याला कुणी बोलावलंच नव्हतं. ऐंशीतला ओम.

"ओम का गं?" बाईंनी विचारलं.

"तो आधीच्या पंगतीत जेवून गेला."

"आणि सत्तरातला?"

"आजोबा."

मी पडदा बाजूला केला. "मी का नाही आलो?"

"तुम्ही झोपलायत. उठवायला माणूस पाठवलाय."

तेव्हापासून मला झोपाळ्यावर वेगळीच झोप लागते. सत्तर पानं मांडलेली, समया लावलेल्या, सगळे बसून राहिलेत, आणि कुणीतरी आपल्याला उठवायला निघालंय. इंग्रजीवाले साठ आणि नऊ मोजून मोकळे होतात. आपल्या लोकांनी न आलेल्याचं पान धरून ठेवलं.

बाईंना मी विचारलं, "मग नव्व्याण्णवला एकोणशंभर का नाही म्हणत?"

बाई म्हणाल्या, "शंभर पानं मांडली की एखादा आला नाही तरी कळत नाही."

हे त्यांनी तिथल्या तिथे रचलं असणार.

साक्षीने आईलाही ही पंगत शिकवली. संध्याकाळी दोघी खालून जाताना ऐकू यायचं. आई शेंगदाणा सोलत विचारायची, "एकोणसाठ?" साक्षी म्हणायची, "मामा. फिफ्टी-नाइन." थोडं पुढे गेल्यावर, "एकोणपन्नास?" तेव्हा साक्षी नुसतीच आईच्या दंडाला धरायची आणि मग आकडा सांगायची.

* * *

वार्षिकचा गणिताचा दुसरा पेपर सुटला आणि साक्षी सरळ आमच्याकडे आली. शाळेची पाण्याची बाटली गळ्यात तशीच. बाईंनी चहा गॅसवर ठेवलेला, तो तसाच ठेवून त्या बाहेर आल्या.

"कसा गेला?"

"चांगला गेला, बाई. एका गणिताचं उत्तर एकोणचाळीस आलं. थर्टी-नाइन लिहिलं. बरोबर लिहिलं ना?"

"बरोबर. पुढे?"

"पुढे थोडं थांबले."

"कशाला थांबलीस?"

"ती येतेय का बघायला."

बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी तुळशीकडे. कळव्याला गेलेल्या मैत्रिणीची वाट बघत ही पोरगी परीक्षेच्या हॉलमध्ये बसून राहिलेली.

बाईंनी अगदी हळू विचारलं, "मग? आली?"

"नाही. बेल झाली."

शेवटचं गणित राहिलं होतं. मोठं होतं ते, मार्कांचं. साक्षीला आता कुठे ते कळत होतं, बाटलीचं झाकण उघडत होती, बंद करत होती. "पप्पांनी कालच मामाला फोन केलेला," ती म्हणाली.

खाली आई उभी होती, म्हणून ती गेली. त्या दिवशी दोघी नेहमीपेक्षाही हळू चालल्या. कोपऱ्यावर जाऊन पुन्हा मागे आल्या आणि पुन्हा गेल्या.

बाईंनी चहात साखरेऐवजी मीठ घातलं. मी अख्खा कप प्यायलो. एरवी अशा गोष्टी या घरात मी करतो.

* * *

निकालाच्या दिवशी ट्यूशनला सुट्टी. हॉल रिकामा, चटया गुंडाळून कोपऱ्यात. उन्हाळ्यातली दुपार, झोपाळ्याची कडीसुद्धा पेंगलेली. बाई सकाळपासून तोच फळा तिसऱ्यांदा पुसत होत्या.

बेल वाजली. तिघंही आलेली. पप्पा ड्युटीच्या कपड्यांत, आईच्या हातात मिठाईचा बॉक्स, आणि साक्षीच्या चेहऱ्यावर काहीच नाही. ती मुलगी आनंदातसुद्धा आधी कुठेतरी जाऊन येते, मग चेहऱ्यावर पोचते. त्यामुळे मला काही कळेना.

माझ्या जिभेला हाड नाही. मी म्हटलं, "काय गं, बॅग भरलीस का?"

"अहो, गप्प बसा," बाई म्हणाल्या. मग तिला, "किती?"

"त्रेसष्ट."

"शंभरातले?"

"शंभरातले."

बाई फळ्याला टेकल्या. साडीला मागून सगळा खडू लागला. म्हणाल्या, "ते शेवटचं केलं असतंस तर..." आणि वाक्य तिथेच सोडून दिलं, कारण साक्षीच्या आईने पुढे येऊन त्यांचा हात धरला होता. एवढ्या महिन्यांत ती पहिल्यांदा जिना चढून वर आलेली.

पप्पा खुर्चीत बसले. टोपी गुडघ्यावर ठेवली. "मॅडम, हिचं राहू दे आता इथेच. दहावी इथेच करू दे. पण एक घोटाळा झालाय."

"कसला?"

"मामाला फोन केला मी, की नाही पाठवत म्हणून. तर तो बोलला, भावोजी, माझी पोरगी आठवीत आहे, ती पण गणितात गेली. तुमची तिथे राहून सुधारली ना, मग माझी पण तिकडेच ठेवून घ्या. पुढच्या आठवड्यात घेऊन येतो बोलला."

मी एवढा हसलो की कडी कुरकुरायला लागली. मग पप्पाही हसले, बसच्या ड्रायव्हरला हसताना बघितलं मी त्या दिवशी.

बाई म्हणाल्या, "आणू दे की. आठवीची एक बॅच आहेच. फक्त चटईवर जागा नाही हो. गॅलरीपर्यंत मुलं येतील."

"गॅलरी मिळणार नाही," मी म्हटलं. "हॉल घेतलात, फळा लावलात, मी काही बोललो नाही. गॅलरी माझी आहे. इथे मी झोपतो. मामाच्या पोरीला सांगा, जागा फुल."

साक्षीच्या तोंडात पेढा होता. तो संपवून ती अगदी समजावून सांगितल्यासारखी म्हणाली, "मग तुम्ही जा ना मामाकडे, आजोबा. माझ्यासाठी कॉट आणून ठेवलीय त्याने. खिडकीजवळ आहे."